पायातला वारा: ऑर्गनची प्रत काढताना

मागच्या व्याख्यानात आपण 'प्रत' या शब्दापाशी थांबलो होतो. पोथीची प्रत निघते, चित्राची नक्कल निघते. वाद्याचं काय निघतं? हा प्रश्न आज आपण हवेत न ठेवता एका लाकडी पेटाऱ्यावर आणून ठेवू.

नेरुळला आमच्या एका स्नेह्यांच्या घरी त्यांच्या वडिलांचा ऑर्गन आहे. पायांनी भाते मारून वाजवायचा, पाच सप्तकांचा, गिरगावातल्या चाळीतून खाडी ओलांडून इकडे आलेला. आता त्यांची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि तिथे फ्रिज कुठे ठेवायचा यावरच घरात वाद चालू, तिथे ऑर्गनचं नाव कोण काढणार? तेव्हा त्यांचा नातू म्हणाला, "आजोबा, याचं सॅम्पलिंग करून ठेवू. मग ऑर्गन लॅपटॉपमध्ये राहील." आम्ही दोघं-तिघं निवृत्त माणसं मदतीला गेलो. मदत म्हणजे काय, तर पंखे बंद करायचे आणि गप्प बसायचं.

हे सॅम्पलिंग मुळात युरोपातल्या चर्चमधल्या पाइप ऑर्गनसाठी वाढलेलं शास्त्र आहे. मुंबईत फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये तुमच्यापैकी कोणी गेलं असेल तर तसलं वाद्य पाहिलं असेल. प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी, आणि त्याच सुराच्या निरनिराळ्या रंगांसाठी पुन्हा निराळ्या नळ्यांच्या रांगा. पॅरिसच्या नोत्र दामच्या मोठ्या ऑर्गनमध्ये जवळजवळ ८,००० नळ्या आहेत. असा ऑर्गन उचलून नेता येत नाही, तो त्या इमारतीचाच अवयव असतो. म्हणून लोकांनी उलटी वाट धरली. चर्चमध्ये माइक लावायचे, एकेक पट्टी दाबायची, एकेका नळीचा आवाज वेगळा टिपायचा आणि संगणकावर ते सगळे आवाज पट्ट्यांना जोडून द्यायचे. या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये मार्टिन डाइड यांनी 'हाउप्टवेर्क' नावाची प्रणाली यासाठी केली. 'ग्रँडऑर्ग' नावाची दुसरी एक मोफत मिळते, नातवाने तीच घेतली. तिच्यात आवाजांच्या फायलींबरोबर एक साधी मजकुराची फाइल लागते. कुठली पट्टी, कुठला स्टॉप, कुठला आवाज, हे तिच्यात लिहायचं. तिचं नाव 'ऑर्गन डेफिनिशन', म्हणजे ऑर्गनची व्याख्या! आम्ही चाळीस वर्षं वर्गात व्याख्या शिकवल्या, पण व्याख्या चुकली तर वस्तू वाजतच नाही असा प्रसंग पहिल्यांदा पाहिला.

आता यातली गंमत नीट समजून घेऊ. ध्वनिमुद्रण म्हणजे कोणीतरी वाजवलेलं गाणं. सॅम्पल म्हणजे अजून न वाजवलेल्या गाण्याचा कच्चा माल. पण सूर तेवढा टिपून भागत नाही. पट्टी दहा सेकंद दाबून टिपली आणि वाजवणाऱ्याने ती अर्धा मिनिट धरली तर? मग त्या दहा सेकंदांत अशा दोन जागा शोधायच्या की लहर एकीतून दुसरीत सांधा न दिसता जाईल, आणि तेवढाच तुकडा फिरवत ठेवायचा. सांधा वाईट जमला तर कान लगेच पकडतो, रहाटाच्या करकरीसारखा तो पुन्हा पुन्हा येतो.

दुसरी अडचण बोट उचलल्यानंतरची. मोठ्या चर्चमध्ये नळी गप्प झाल्यावरही सूर काही सेकंद कमानींत फिरत असतो. ती शेपटीही टिपावी लागते आणि बोट उचललं की ती सुरू करावी लागते. पण सूर थोडा वेळच वाजला असेल तर इमारत आवाजाने पुरती भरलेलीच नसते, त्यामुळे शेपटीही वेगळी. म्हणून एकाच सुराच्या तोकड्या, मध्यम आणि लांब अशा शेपट्या टिपतात.

आपल्याकडे नैयायिकांनी आवाज पसरतो कसा यासाठी दोन दृष्टांत दिले होते. एक वीचितरंगाचा, पाण्यातल्या लाटेमागून लाटेचा. दुसरा कदंबाचा, कळी जशी एकदम सगळ्या बाजूंनी फुलते तसा. सॅम्पल घेणाऱ्याचे अर्धे कष्ट या कदंबापायी जातात. सूर नळीत उमटतो हे खरं, पण ऐकू येतो तो सगळ्या इमारतीतून. नोत्र दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली. ऑर्गन जळला नाही, शिशाची धूळ मात्र त्यावर बसली. नळ्या उतरवून, धुऊन पुन्हा लावल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा वाजला. त्या इमारतीचा नाद कसा होता याची मोजमापं ब्रायन कॅट्झ यांच्या गटाने २०१३ मध्येच घेऊन ठेवली होती. छप्पर कोसळल्यावर आधीचा नाद ताडून पाहायला काही आधार राहिला तो त्यामुळे.

पाइप ऑर्गनला हे तंत्र इतकं मानवतं याचं कारण त्या वाद्याच्या स्वभावात आहे. नळीतल्या वाऱ्याचा दाब बदलला की सूरच चढतो किंवा उतरतो. म्हणून दाब कायम एकसारखा ठेवावा लागतो, आणि तो ठेवण्याचं काम यंत्राचं. वादकाने पट्टी हळू दाबली काय, जोरात दाबली काय, नळी तेवढ्याच आवाजात बोलते. (अगदी सुरुवातीच्या स्पर्शात थोडा फरक करता येतो म्हणतात, तो सोडून देऊ.) मीमांसक म्हणत की शब्द नित्य आहे, उच्चाराने तो फक्त प्रकट होतो. नैयायिक म्हणत, नाही, दर वेळी नवा उपजतो आणि नाश पावतो. त्यांचा वाद वर्णांचा होता, सुरांचा नव्हे. पण पाइप ऑर्गन मीमांसकांच्या बाजूचा साक्षीदार वाटावा असाच आहे. सूर नळीत जणू तयार उभा, पट्टीने नुसतं दार उघडायचं. असल्या वाद्याची प्रत काढणं तत्त्वतः सोपं.

नेरुळचा ऑर्गन मात्र नैयायिक निघाला.

हा ऑर्गन पाइपचा नव्हेच. आपण मराठी माणसं ज्याला नुसतं 'ऑर्गन' म्हणतो तो रीडचा, पितळी जिभांचा. अमेरिकेत एस्टी, मेसन अँड हॅमलिन असल्या कारखान्यांनी हे ऑर्गन घराघरांसाठी आणि छोट्या चर्चसाठी ढिगाने बनवले. त्यातले जे आपल्याकडे पोचले त्यांनी प्रार्थनेइतकंच नाट्यपदांच्या साथीचंही काम केलं. पेटीत भात्याचा वारा रीडमधून बाहेर ढकलला जातो. अमेरिकन ऑर्गनमध्ये उलट, पायांनी वारा आत ओढला जातो. त्यामुळे त्याचा आवाज पेटीपेक्षा गोल आणि भरीव. माइक नसलेल्या काळात, शेवटच्या रांगेपर्यंत जाणाऱ्या गायकाच्या आवाजाखाली असा न तुटणारा सूर धरणं किती मोलाचं होतं याची कल्पना करा. १९१३ मध्ये निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या साथीत पुढे थिरकवांसाहेबांचा तबला होता, कादरबक्षांची सारंगी होती आणि ऑर्गन होता. नंतरच्या पिढीने तो गोविंदराव पटवर्धनांच्या हातून ऐकला. हातून आणि पायांतून, असं म्हणायला हवं.

कारण पितळी जिभेचा न्याय नळीच्या उलटा आहे. वारा वाढवला तर सूर जवळजवळ जागच्या जागी राहतो आणि आवाज मोठा होतो. म्हणजे इथे वाऱ्याशी खेळायला मोकळीक आहे, आणि तो खेळ वादक पायांनी करतो. शिवाय उजव्या गुडघ्याशी एक फळी असते. ती बाहेर ढकलली की आतली झडप उघडते आणि आवाज फुलतो. गायकाने तान घेतली की पाय हलका, समेवर गुडघा बाहेर. आपल्या स्नेह्यांना वडिलांचं वाजवणं आठवतं ते बोटांवरून नाही. "बाबांचा गुडघा हलला की कळायचं, आता टाळी येणार," असं ते म्हणाले.

तर हिशेब असा झाला. ६१ पट्ट्या, रीडचे दोन संच, म्हणजे १२२ सूर. प्रत्येकाच्या तीन लांब्या धरल्या तर ३६६ तुकडे. मग नातवाच्या लक्षात आलं की हलक्या पायाचा आणि भरल्या पायाचा आवाज नुसता लहान-मोठा नाही, त्याचा पोतच वेगळा आहे. झाले ७३२! शेवटची लोकल गेल्यावर बसायचं आणि पहिलीचा भोंगा वाजला की थांबायचं, असे चार रात्री बसलो. तरी मधेच खालचा कुत्रा आपला सूर लावायचा.

आणि मग खरा वाद निघाला. वरच्या सप्तकातला एक ध उशिरा बोलायचा, पट्टी दाबल्यावर क्षणभर थबकून. दोन सूर उतरलेले. भात्याच्या पायटीला करकर. आधी दुरुस्ती करून मग टिपायचं, की जसा आहे तसा? आमच्यातल्या एकांचं म्हणणं, नवा रीड बसवला तर आपण कुणाचा ऑर्गन टिपला? दुसरे म्हणाले, वाजवणारा माणूस असता तर त्याने तो ध कधीच नीट केला असता, मोडकेपणाची कसली पूजा करता? आम्हाला दुसऱ्यांचं पटलं. वाद्य ही वापरायची वस्तू आहे, आणि सूर मिळवणं हा वापराचाच भाग आहे. करकरीच्या बाबतीत मात्र आमचं मत उलट झालं, कारण ती करकर पायाची खूण आहे. ती काढली की सूर अधांतरी लटकल्यासारखे वाटतात. नातवाने ती वेगळी टिपून ठेवली, हवी तेव्हा जोडता येईल अशी.

सूर मिळवण्यावरून एक आडवाट घेतो. पेटीवर जुना आक्षेप असा की तिचे बारा सूर पक्के बसवलेले, श्रुतींना जागा नाही. १९४० मध्ये रेडिओने पेटी बंद केली ती १९७१ पर्यंत. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली, तो या आक्षेपाला दिलेला लाकडी जबाब. संगणकातल्या ऑर्गनला तर हे हातचं काम आहे. प्रत्येक सूर हवा तेवढा चढवा, उतरवा, रागाप्रमाणे कोष्टक बदला. मींड मात्र त्यातूनही निघत नाही. आणि श्रुती लावलेला तो आवाज या ऑर्गनने आयुष्यात कधी काढलेला नाही, हेही खरं. म्हणजे प्रत इथे मुळाच्या पुढे गेली. ती चांगली की वाईट यावर चहाच्या वेळी भांडू.

पायांचं काय केलं? कॉम्प्युटरला जोडायची एक पायपट्टी आणली. ती दाबली की हलक्या आवाजातून भरल्या आवाजात जाता येतं. स्नेह्यांनी पाच मिनिटं वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "सूर बाबांचा आहे. पण मी पाय काढला तरी हा वाजतोच आहे." आम्हाला वाटतं, या सगळ्या उद्योगातलं सर्वांत नेमकं वाक्य हे. खऱ्या ऑर्गनवर वारा संपत असतो. दोन्ही हातांनी भरगच्च वाजवलं तर जास्तच लवकर संपतो, आणि तो संपण्याआधी पाय मारायचा याच घाईतून लय येते. एकेक सूर सुटा टिपला की ही ओढाताण कुठल्याच फायलीत येत नाही. पाइप ऑर्गनवाले वाऱ्याची अशी घट गणिताने उभी करतात, हाउप्टवेर्कमध्ये तशी सोय आहे. नातू आता तसंच काही जमवायच्या खटपटीत आहे: पायपट्टी सतत मारली नाही तर सूर विझला पाहिजे. त्यासाठी त्याला मोजायचं आहे की खऱ्या ऑर्गनचा भाता एकदा भरला की किती पट्ट्यांवर किती सेकंद पुरतो. हे मोजमाप चार रात्रींत आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं, आणि ते घ्यायला ऑर्गन जागेवर हवा.

घर महिन्याअखेर रिकामं करायचं आहे. पनवेलकडच्या एका भजनी मंडळाची माणसं रविवारी ऑर्गन पाहायला येणार आहेत. त्यांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या: भाता फाटलेला नाही ना, आणि लिफ्टमध्ये मावतो का. शनिवारी रात्री आम्ही स्टॉपवॉच घेऊन पुन्हा नेरुळला जातो आहोत.