पाण्याचे जंतुनाशन व निर्जंतुकीकरण

पाण्यातील रोगकारक सूक्ष्मजीव नष्ट वा निष्क्रिय करण्याच्या क्रियेला जंतुनाशन म्हणतात. बीजुकांसह सर्वच सूक्ष्मजीवांचा संपूर्ण नाश करणे म्हणजे निर्जंतुकीकरण होय. पिण्याच्या पाण्यास जंतुनाशन पुरेसे असते. शस्त्रक्रियेसारख्या कामांसाठी मात्र निर्जंतुक पाणी लागते व ते सामान्यतः दाबपात्रातील १२१° से. तापमानाच्या वाफेत निदान १५ मिनिटे ठेवून मिळवितात.

पटकी, आंत्रज्वर, आमांश व काही प्रकारची कावीळ हे रोग विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतात. १८५४ मध्ये जॉन स्नो यांनी लंडनमधील पटकीच्या साथीचा संबंध एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी दाखवून दिला. गढूळ पाण्यातील कणांच्या आड जंतू सुरक्षित राहतात. म्हणून पाणी आधी निवळून व गाळून घेणे आवश्यक असते.

क्लोरिनीकरण : ही सर्वाधिक प्रचारात असलेली पद्धत आहे. अमेरिकेतील जर्सी सिटी येथे १९०८ पासून शहराच्या पाण्याचे अखंड क्लोरिनीकरण होऊ लागले. क्लोरीन पाण्यात मिसळल्यावर हायपोक्लोरस अम्ल तयार होते व तेच मुख्यत्वे जंतुनाशक असते. पाण्याचे पीएच मूल्य ८ पेक्षा वाढल्यास त्याचा परिणाम मंदावतो. अमोनिया व कार्बनी द्रव्ये यांमुळे काही क्लोरीन खर्ची पडतो. तो वजा जाता ३० मिनिटांच्या संपर्कानंतर लिटरमागे सु. ०.५ मिग्रॅ. मुक्त क्लोरीन उरेल, अशी मात्रा देतात.

या अवशिष्ट क्लोरिनाचे महत्त्व मोठे आहे. पुरवठा खंडित असताना नळातील दाब नाहीसा होतो व गळक्या सांध्यांतून सांडपाणी आत शिरू शकते. त्यामुळे शुद्धीकरण केंद्राप्रमाणेच ग्राहकाच्या नळापाशीही तपासणी करावी लागते. तेथे भारतीय मानकानुसार लिटरमागे किमान ०.२ मिग्रॅ. मुक्त क्लोरीन असावा लागतो. विहिरींसाठी विरंजक चूर्ण वापरतात. ते उघडे राहिल्यास त्याची शक्ती घटते.

क्रिप्टोस्पोरिडियम या आदिजीवाच्या कोष्ठांवर क्लोरिनाचा फारसा परिणाम होत नाही. १९९३ मध्ये मिलवॉकी (अमेरिका) येथे त्यामुळे सु. ४ लाख लोक आजारी पडले.

ओझोन व जंबुपार प्रारण : ओझोन हा क्लोरिनापेक्षा प्रभावी आहे, फ्रान्समधील नीस येथे तो १९०६ पासून वापरात आला. सु. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारण सूक्ष्मजीवांच्या न्यूक्लिइक अम्लांना इजा करून त्यांचे प्रजोत्पादन थांबविते. वरील कोष्ठांवरही ते परिणामकारक ठरते. तथापि या दोन्ही पद्धतींत टिकाऊ अवशेष राहत नसल्याने नळातील पाण्यास पुढे संरक्षण मिळत नाही.

उकळणे : घरगुती वापरासाठी ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. पाणी खळखळून १ मिनिट उकळल्यास रोगकारक जीवाणू, व्हायरस व आदिजीव मरतात. बीजुके मात्र टिकू शकतात. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून ठेवावे, कारण अस्वच्छ हाताने ते पुन्हा दूषित होते.