टॉयलेट आहे ना गं तिथे?

शुक्रवार संध्याकाळ. ऑफिसात एकच विषय, ‘उद्या कुठे?’ लोणावळ्याला ट्रॅफिक, मग माथेरान फायनल! सॅक भरता भरता मुलींच्या ग्रुपमध्ये हमखास प्रश्न येतो, ‘टॉयलेट आहे ना गं तिथे?’ कुणालाच नक्की माहीत नसतं. मग दिवसभर पाणी घोटघोटच प्यायलं जातं, आणि व्ह्यू कितीही झकास असला तरी अर्धं लक्ष घड्याळाकडे.

यात हसण्यासारखं काही नाही. फिरून आपण फ्रेश होऊन येतो की आणखी वैतागून, हे नुसत्या निसर्गावर ठरत नाही. तिथला बाक, कठडा, पायवाट, दिशा सांगणारी पाटी यांचाही त्यात मोठा वाटा असतो.

रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने 1984 मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंट्सच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना जोरदार पेनकिलर्सही कमी लागल्या. असं का होत असावं? मिशिगन विद्यापीठातले रेचल आणि स्टीफन कॅपलन सांगतात, की एक्सेल शीटवर ओढूनताणून टिकवलेलं लक्ष थकतं. झाडं, पाणी, ढग यांच्याकडे ते आपसूक जातं, तेवढा वेळ डोक्याला सुट्टी. पण पाय घसरण्याची भीती किंवा स्पीकरवरचं ढणढण गाणं मध्ये आलं, की ती सुट्टी कॅन्सल!

माथेरानची खरी सुविधा म्हणजे तिथे नसलेली गोष्ट. गाडी दस्तुरी नाक्यावरच सोडावी लागते. त्यावरून कुरकुरणारी मंडळीही लाल मातीतून अर्धा तास चालली, की आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात. लुईझा पॉइंटवर समोर प्रबळगड उभा असताना टेकायला एक साधा बाक पुरतो. रंगीत सिमेंटचा सेल्फी पॉइंट कशाला हवा?

अर्थात, ‘मातीच बरी’ हे वीकएण्डपुरतं येणाऱ्यांनी म्हणणं सोपं आहे. पावसात ती माती वाहून जाते, आणि त्याच चढावर माणसं माणसांना हातरिक्षात बसवून ओढायची. ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉकना परवानगी दिली, आतल्या रस्त्यांवर आणि ट्रेकच्या वाटांवर मात्र मनाई केली. मला ही वाटणी पटते. गुडघेदुखीवाल्या आजीला वरपर्यंत येता यावं, आणि पुढची माती मातीच राहावी.

राहिला मुलींचा प्रश्न. कोणत्याही डोंगरावर नवा व्ह्यूइंग डेक मंजूर करण्याआधी नळाला पाणी असलेलं आणि आतून कडी लागणारं एक टॉयलेट बांधा. झाडाआड, पण पाटी ठळक!