चढ-उतारावर उभी केलेली गाडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उतारावर उभ्या असलेल्या गाडीला गुरुत्वाकर्षण अखंड खाली ओढत असते. ही ओढ किती असते याचा हिशेब सोपा आहे. १,२०० किलो वजनाची गाडी १०० मीटरला १० मीटर चढणाऱ्या रस्त्यावर उभी असेल, तर तिला खाली ओढणारे बल सुमारे १२० किलो वजनाइतके भरते. डोंगराळ मुलखातील रस्त्यांचा चढ शक्यतो ५ ते ६ टक्के ठेवावा आणि अपवादात्मक ठिकाणीही तो ७ ते ८ टक्क्यांपलीकडे नेऊ नये, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. जुन्या घाटांतील काही वळणे, टेकडीवरच्या वसाहतींमधील गल्ल्या आणि इमारतींच्या तळघरात उतरणारे रॅम्प मात्र याहून तीव्र असतात. त्यामुळे गाडी घसरण्याचा धोका घाटापुरता मर्यादित नाही. तो शहरातही तितकाच आहे.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत ही ओढ थोपवण्याची तीन साधने चालकाच्या हाती असतात : हँडब्रेक, गिअर आणि पुढच्या चाकांची दिशा. पहिली दोन गाडी जागेवर धरून ठेवतात. ती दोन्ही निकामी झाली, तर गाडी कुठे जाऊन थांबेल हे तिसरे साधन ठरवते. बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी यांपैकी एकाच साधनावर विसंबण्याची सवय असते.

गैरसमज १ : हँडब्रेक घट्ट ओढला की पुरेसे आहे.

वस्तुस्थिती : हँडब्रेक सुस्थितीत असेल तर त्याची ताकद भरपूर असते. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या नियमनानुसार मोटारीचा हँडब्रेक पूर्ण भरलेली गाडी २० टक्के उतारावर धरू शकला पाहिजे. पण ही अपेक्षा चांगल्या स्थितीतल्या ब्रेकची आहे. बहुतेक गाड्यांमध्ये हँडब्रेक पोलादी केबलने ओढला जातो आणि फक्त मागच्या चाकांवर काम करतो. वापराने केबल ताणली जाते, ब्रेकचे लायनर झिजतात आणि पकड हळूहळू सैल पडते. हँडब्रेक ओढताना पूर्वीपेक्षा जास्त वेळा ‘कट्-कट्’ आवाज येऊ लागला किंवा दांडा फार वर येऊ लागला, तर तो जुळवून घेण्याची वेळ झाली असे समजावे. किती टप्प्यांत तो घट्ट बसायला हवा, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते.

दुसरी मर्यादा टायरच्या पकडीची आहे. पुढे इंजिन असलेल्या लहान मोटारीत माणसे आणि सामान नसताना वजनाचा निम्म्याहून कमी भाग मागच्या चाकांवर असतो. कोरड्या डांबरावर तो पुरतो. पण ओल्या लाल मातीवर, शेवाळलेल्या फरशीवर किंवा सुट्या खडीवर चाके ब्रेकने जखडलेली असूनही गाडी तशीच खाली सरकू शकते. गाडीचे तोंड उताराकडे असेल तर मागच्या चाकांवरचा भार आणखी थोडा हलका होतो.

गैरसमज २ : गाडी गिअरमध्ये ठेवली की हँडब्रेकची गरज नाही.

वस्तुस्थिती : बंद इंजिन गिअरमार्फत चाकांना जोडलेले असले, म्हणजे गाडी सरकण्यासाठी तिला इंजिन फिरवावे लागते. पिस्टनला सिलिंडरमधली हवा दाबावी लागते, तो अडथळा आणि इंजिनातले घर्षण मिळून गाडीला धरून ठेवतात. पण हा अडथळा म्हणजे कुलूप नव्हे. दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून सावकाश निसटते. जुन्या, झिजलेल्या इंजिनात ती लवकर निसटते. मग पिस्टन दाबाचा टप्पा ओलांडतो आणि गाडी थोडी खाली येते. असे एकामागून एक टप्पे ओलांडत गाडी तुटक झटक्यांनी घसरू शकते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर फक्त पुढची चाके धरतो. शिवाय दोन्ही चाकांमध्ये डिफरन्शिअल असल्यामुळे एक चाक चिखलात असेल तर ते उलटे फिरते आणि दुसरे मोकळे होते. म्हणूनच हँडब्रेक आणि गिअर दोन्ही वापरायचे असतात. हॅचबॅक किंवा सेडानसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही मिळून चारही चाके धरतात. बोलेरो किंवा ईकोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र दोन्हींचा भार मागच्याच चाकांवर येतो, म्हणून तिथे चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावणे अधिक महत्त्वाचे ठरते.

गैरसमज ३ : कोणताही गिअर चालतो.

वस्तुस्थिती : पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन साधारण १३ ते १५ वेळा फिरते, पाचव्यात जेमतेम तीन वेळा. इंजिनाचा अडथळा याच प्रमाणात चाकापर्यंत वाढून पोहोचतो. म्हणजे पाचव्या गिअरची धरून ठेवण्याची शक्ती पहिल्याच्या सुमारे एक पंचमांशच असते. रिव्हर्स गिअर या बाबतीत पहिल्याच्या जवळपास असतो. म्हणून उभ्या गाडीसाठी हे दोनच गिअर योग्य आहेत.

रूढ नियम असा की गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकावा. त्यामागे दोन कारणे आहेत. गाडी घसरलीच तर इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेच्या उलट फिरवले जाते, त्यामुळे धक्का देऊन गाडी सुरू करताना होते तसे ते चुकून सुरू होऊ शकत नाही. शिवाय क्लच न दाबता कोणी किल्ली फिरवली, तर गाडीला बसणारा झटका चढाच्या दिशेने बसतो आणि खाली उभ्या असलेल्या माणसावर गाडी जात नाही.

गैरसमज ४ : गाडी गिअरमध्ये उभी ठेवल्याने गिअरबॉक्स खराब होतो.

वस्तुस्थिती : वर हिशेबात घेतलेल्या गाडीला १० टक्के उतारावर फक्त गिअरने धरायचे झाले, तर इंजिनाच्या दांड्यावर सुमारे २५ न्यूटन-मीटर इतका पीळ येतो. अशा गाडीचे इंजिन घाट चढताना गिअरबॉक्सवर याच्या तीन-चार पट पीळ सहज टाकते. उभ्या गाडीत दातेही फिरत नसतात, त्यामुळे झीज होत नाही.

त्रास होतो तो चुकीच्या क्रमाने. हँडब्रेक ओढण्याआधीच ब्रेकवरचा पाय काढला तर सगळे वजन झटक्याने गिअरवर येते आणि निघताना गिअर अडकल्यासारखा वाटतो. आधी वजन हँडब्रेकवर घ्यायचे आणि मग गिअर टाकायचा, हा क्रम पाळला तर गिअर केवळ राखीव आधार म्हणून राहतो.

गैरसमज ५ : चाके नेहमी फुटपाथकडेच वळवावीत, किंवा ती सरळ ठेवली तरी चालते.

वस्तुस्थिती : सरळ चाकांची गाडी सुटली की ती उताराच्या दिशेने सरळ वेग घेत जाते. चाके वळवलेली असली की ती थोड्याच अंतरात कशाला तरी अडते. भारतात गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला उभी केली जाते. त्यानुसार दिशा अशा :

* उताराकडे तोंड, डावीकडे फुटपाथ : चाके डावीकडे, म्हणजे फुटपाथकडे. गाडी सुटली तर पुढचे डावे चाक फुटपाथच्या कडेला अडते.
* चढाकडे तोंड, डावीकडे फुटपाथ : चाके उजवीकडे, म्हणजे रस्त्याकडे. गाडी मागे सरकली तर पुढच्या डाव्या टायरची मागची बाजू कडेला टेकते.
* फुटपाथ नाही, डावीकडे डोंगराची बाजू किंवा मोकळी जमीन : चढ असो वा उतार, चाके डावीकडे. त्यामुळे गाडी वाहत्या रस्त्यात न जाता कडेला जाते.

आपल्या घाटांमध्ये चौथी परिस्थिती वारंवार येते : डावीकडे दरी. तिथे तिसरा नियम लावला तर गाडी दरीच्या दिशेने जाईल. अशी जागा गाडी उभी करण्याची नव्हेच. पावसाळ्यात दरीकडची साइडपट्टी खालून पोखरलेली असू शकते, हेही त्याचे एक कारण आहे. गाडी बंद पडल्याने थांबणे भागच पडले, तर चाके दरीपासून दूर, उजवीकडे वळवावीत, आधी चाकांना दगड लावावेत आणि मगच सर्वांनी खाली उतरावे. डोंगराच्या बाजूलाही पावसाळ्यात दरडीचा धोका असतो. म्हणून घाटात थांबायचे तर रुंद, सपाट आणि थांबण्यासाठीच राखलेली जागा गाठणे उत्तम.

चाके वळवल्यावर किल्ली काढून स्टिअरिंग लॉक केले की ती त्याच दिशेत राहतात. फुटपाथची कड बुटकी किंवा तुटकी असेल तर तिच्यावर विसंबू नये.

गैरसमज ६ : दहा मिनिटे हलली नाही, म्हणजे रात्रभर हलणार नाही.

वस्तुस्थिती : लांबलचक घाट उतरल्यावर ब्रेक तापलेले असतात. मागे डिस्क ब्रेक असलेल्या काही गाड्यांमध्ये हँडब्रेक त्याच डिस्कला पकडतो. तापलेली डिस्क प्रसरण पावलेली असते. ती थंड होताना किंचित आकसते आणि पकड सैल होते. म्हणून सुरुवातीला घट्ट उभी असलेली गाडी अर्ध्या-पाऊण तासाने सुटू शकते. ड्रम ब्रेकमध्ये उलट घडते : थंड होणारा ड्रम लायनरवर अधिक आवळतो. घाट उतरून लगेच गाडी उभी केली असेल, तर गिअर टाकलेला असणे आणि थोड्या वेळाने हँडब्रेक पुन्हा एकदा ओढून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज ७ : हँडब्रेक फार वेळ ओढून ठेवला तर खराब होतो, म्हणून तो टाळावा.

वस्तुस्थिती : हँडब्रेक गाडी दीर्घकाळ उभी ठेवण्यासाठीच असतो. या समजात सत्याचा अंश एवढाच की दमट हवेत अनेक दिवस उभ्या असलेल्या गाडीचे लायनर गंजामुळे ड्रमला चिकटू शकतात. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरात किंवा कोकणात हा अनुभव नवा नाही. त्यावरचा उपाय सपाट जागेचा आहे. अनेक दिवसांसाठी गाडी ठेवायची असेल तर ती सपाटीवर न्यावी, गिअरमध्ये ठेवावी, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक सोडावा. उतारावर मात्र हँडब्रेक कधीही वगळू नये.

गैरसमज ८ : हिल होल्ड असलेली गाडी उतारावर आपोआप थांबते.

वस्तुस्थिती : ही सोय चढावरून निघताना पाय ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत मागे घसरणे टाळते. ती ब्रेकचा दाब साधारण दोन-तीन सेकंदच धरून ठेवते. गाडी उभी करून ठेवण्याशी तिचा संबंध नाही.

गैरसमज ९ : कोणताही दगड चाकाखाली सरकवला की झाले.

वस्तुस्थिती : गोल दगड चाकाबरोबर गडगडतो आणि लहान दगडावरून चाक चढून जाते. दगड सपाट बुडाचा व तिरक्या पाठीचा असावा आणि उताराच्या बाजूने टायरला घट्ट टेकलेला असावा. चढाकडे तोंड असेल तर तो चाकांच्या मागे आणि उताराकडे असेल तर पुढे लावावा, शक्यतो दोन चाकांना. दगड लावणाऱ्याने किंवा काढणाऱ्याने गाडीच्या खालच्या बाजूला न थांबता बाजूला बसून काम करावे. त्या वेळी चालकाचा पाय ब्रेकवर असावा. काम झाल्यावर दगड रस्त्याबाहेर टाकणे हे कर्तव्यच आहे, कारण मागे राहिलेला दगड रात्री दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतो.

गैरसमज १० : घसरू लागलेली गाडी दोघे-चौघे धरू शकतात.

वस्तुस्थिती : १२० किलोची ओढ ही गाडी स्थिर असतानाची आहे. गाडी हलू लागली की तिचा वेग क्षणाक्षणाला वाढतो आणि तिला थांबवण्यासाठी त्याहून खूप मोठे बल लागते. अशा गाडीच्या वाटेत उभे राहणे किंवा दार उघडून आत उडी घेणे जिवावर बेतू शकते. आरडाओरडा करून वाट मोकळी करणे, एवढेच सुरक्षित आहे. मुलांना अशा गाडीत एकटे ठेवणेही तितकेच धोक्याचे आहे. हँडब्रेकचे बटण आणि गिअरचा दांडा किल्लीशिवायही हलतात.

योग्य क्रम

गाडी उभी करताना शेवटच्या फूटभर अंतरात, चाके फिरत असतानाच ती योग्य दिशेला वळवावीत. ब्रेक आणि क्लच दाबून गाडी थांबवावी, न्यूट्रल करावे आणि हँडब्रेक पूर्ण ओढावा. मग ब्रेकवरचा पाय सावकाश उचलून गाडी हँडब्रेकवर स्थिरावते का, हे पाहावे. सरकली तर हँडब्रेकमध्ये दोष आहे आणि ती जागा सोडणे शहाणपणाचे. स्थिरावली तर पुन्हा ब्रेक दाबून इंजिन बंद करावे, पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाकावा, क्लच सोडावा आणि शेवटी ब्रेक. उतार तीव्र असेल तर चाकांना दगड किंवा ठोकळे लावावेत.

निघताना हाच क्रम उलटा होतो. आधी ब्रेक आणि क्लच दाबावेत. इंजिन बंद असताना ब्रेकचा पेडल कडक लागतो, कारण त्याला मिळणारी व्हॅक्यूमची मदत थांबलेली असते. म्हणून आधी इंजिन सुरू करावे, निघण्याच्या दिशेचा गिअर टाकावा आणि हँडब्रेक सर्वांत शेवटी सोडावा.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार परवानाधारक चालक आसनावर नसेल, तर सार्वजनिक जागी गाडी उभी करताना यंत्रणा बंद करून ब्रेक लावणे किंवा ती चुकून हलणार नाही अशी अन्य तजवीज करणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी कायद्याने गाडी सोडून जाणाऱ्यावर टाकली आहे. हँडब्रेक, गिअर आणि वळवलेली चाके या तिन्हींना मिळून अर्धे मिनिटही लागत नाही, आणि त्यांपैकी एक निकामी झाले तरी उरलेली दोन गाडीला अडवतात.