एका गीताचें शीर्षक

‘बीटल्स’ या इंग्लिश गायकवृंदाचें ‘ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्स’ हें गीत १९६७ सालीं प्रसिद्ध झालें. हिरे घेऊन आकाशांत असलेली ल्यूसी, असा शीर्षकाचा सरळ अर्थ. परंतु चाहत्यांनीं मुख्य तीन शब्दांचीं आद्याक्षरें जुळविलीं, तों ‘एल्. एस्. डी.’ या भ्रमोत्पादक द्रव्याचें नांव निघालें!

मुख्य रचनाकार जॉन लेनन अखेरपर्यंत हें नाकारीत राहिला. त्याच्या चिमुकल्या ज्यूलियननें वर्गांतील ल्यूसीचें चित्र काढून बापाला हेंच नांव सांगितलें होतें. बाकीच्या कल्पना लुईस कॅरोलच्या अ‍ॅलिसकथेंतल्या. तें चित्र पाहिल्याची साक्ष सहकारी रिंगो स्टार यानेंहि दिली. एवढ्यानें वाद मिटावयाचा; पण २००४ सालीं पॉल मॅकार्टनी यानेंच गीताचा रोख उघड असल्याचें सांगितलें.

आतां कवीचा शब्द प्रमाण मानावा, कीं काव्यांतील ध्वनि? बालकाला आद्याक्षरांचा पत्ता नव्हता, हें खरें. त्या काळीं लेनन तें द्रव्य घेत असे, हेंहि खरें. शीर्षक निष्पाप असून आंतील चित्रें तशीं नसणें मुळींच अशक्य नाहीं.

१९७४ सालीं इथिओपियांत हदार येथें सुमारें ३२ लाख वर्षांपूर्वींचा सांगाडा सांपडला. संशोधकांच्या तळावर हेंच गीत वाजत होतें. त्यांनीं त्या सांगाड्याचें नांव ‘ल्यूसी’ ठेविलें. आद्याक्षरांची चौकशी तेथें कोणी केली नाहीं.