अंगावरून वारं गेलं, तर घड्याळ बघा!

खेड्यात एखाद्याचं तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, की लोक म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." मग कुणी मालिशवाल्याला बोलावतं, कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. या धावपळीत मोलाचे तास निघून जातात.

अर्धांगवायू हा हातापायांचा नव्हे, मेंदूचा रोग आहे. मेंदूला रक्त पुरवणारी नळी गुठळीने तुंबते किंवा फुटते. पाट तुंबला की पुढचं पीक वाळतं, तसा मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो.

यावर उपचार करणारा डॉक्टर म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ, अर्थात न्यूरॉलॉजिस्ट. बारावीनंतर आंतरवासितेसह साडेपाच वर्षे एम.बी.बी.एस., मग तीन वर्षे एम.डी. आणि पुढे तीन वर्षे डी.एम. न्यूरॉलॉजी. म्हणजे साधारण साडेअकरा वर्षांचं शिक्षण! पाटीवर 'एम.सीएच. न्यूरोसर्जरी' असेल तर तो मेंदूची शस्त्रक्रिया करणारा सर्जन. दोघांचं काम वेगळं.

एवढं शिकून तो नेमकं काय करतो? गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत 1996 साली मान्यता मिळाली. तेव्हा मुदत तीन तासांची होती. 2008 च्या अभ्यासानंतर ती साडेचार तासांवर गेली. पण नळी फुटली असेल तर हेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. म्हणून आधी सीटी स्कॅन लागतोच. इंजेक्शन कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवण्यातच त्याचं शिक्षण कामी येतं. मोठी नळी तुंबली असेल, तर जांघेतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढता येते. 2015 पासून हा उपचार सिद्ध झाला आहे. निवडक रुग्णांत तो 24 तासांपर्यंत करता येतो. त्यासाठी मात्र डॉक्टरला वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

असे तज्ज्ञ बहुतेक शहरांतच असतात. तेव्हा सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताईंनी एवढं करावं. चोवीस तास सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन मिळणारा जवळचा दवाखाना कोणता, याची आजच चौकशी करून त्याचा फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. शेजारी 108 लिहावा.

प्रसंग आला तर रुग्णाला हसायला, दोन्ही हात वर करायला आणि बोलायला सांगा. तोंड वाकडं झालं, एक हात खाली आला किंवा बोबडी वळली, तर लगेच गाडी काढा. तोंडातून पाणी, औषध, काही देऊ नका. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून घ्या. झोपेतून उठताना त्रास दिसला, तर रात्री निजतानाची वेळ धरा.

डॉक्टर कितीही शिकलेला असो, तो पहिला प्रश्न हाच विचारणार, "किती वाजता झालं?" त्याचं उत्तर घरच्यांपाशीच असतं.