हळदीचा रंग आणि मुलांची मूत्रपिंडे

सन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्यांपैकी कित्येकांस उपचारार्थ नागपुरास आणले होते. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य निघाले, व त्याने मूत्रपिंडे थोड्याच दिवसांत बंद पाडली. मुलास लघवी होत नाही, एवढे तरी आईबापांस लगेच दिसले. ज्या विषाविषयी येथे लिहावयाचे आहे ते इतक्या उघडपणे येत नाही; आणि आपण वाशीम-रिसोडकडील शेतकरी जी हळद पिकवितो, तिच्यातूनच ते येऊ शकते.

लेड क्रोमेट नावाचा एक झळझळीत पिवळा रंग आहे. तो लाकडास व लोखंडास देण्याकरिता केलेला असून त्याच्या १०० भारांत सुमारे ६४ भार शिसे असते. मोठ्या माणसाच्या आतड्यातून शिशाचा थोडाच अंश रक्तात शिरतो, लहान मुलाच्या आतड्यातून त्याच्या कितीतरी पट शिरतो. पुढे ते हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे झिरपत राहून मेंदू व मूत्रपिंडे यांस इजा करिते.

याचा पुरावा ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात मिळाला. तेथील लाकडी घरांच्या ओसरीच्या कठड्यांस शिशाचा रंग देत. उन्हाने त्याची भुकटी होई, मुले कठड्यास हात लावीत व तीच बोटे तोंडात घालीत. सन १९०४ मध्ये डॉ. गिब्सन यांनी हे कारण दाखवून दिले. आजारी मुले बरी होऊन घरी गेली, असे सर्वांस वाटले. परंतु सन १९१५ ते १९३५ या काळात शिशाची बाधा झालेल्या मुलांचा माग डॉ. हेंडरसन यांनी सन १९५४ मध्ये काढला, तेव्हा त्यांतील पुष्कळजण ऐन तारुण्यात मूत्रपिंडाच्या विकाराने मेलेले आढळले.

आता हळदीकडे येऊ. बांगलादेशात १९८० नंतरच्या दशकात पुराने हळद भिजून काळवंडली, आणि व्यापाऱ्यांनी ती खपविण्याकरिता हा रंग हळकुंडांस चोळण्यास आरंभ केला. पूर ओसरला, पण चाल राहिली. सन २०१९ मध्ये तेथील बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत तो सापडला. सरकारने छापे घातले, दंड केले, लोकांस जागे केले; सन २०२१ मध्ये एकाही नमुन्यात तो सापडला नाही. आपल्या देशात सन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत पाटणा व गुवाहाटी येथील काही हळदीत शिसे भयंकर प्रमाणात निघाले.

आपल्याकडे असेच चालते, असा आरोप मी करीत नाही. परंतु मोह कोणत्या घटकेस होतो, ते आपणांस चांगले ठाऊक आहे. हळद शिजवून खळ्यावर पसरलेली असते आणि अवकाळी पाऊस येतो. हळकुंड आतून चांगले असूनही वरून काळसर पडते, आणि अडत्या तर ते हातात घेऊन वरची झळाळीच पाहतो. अशा वेळी ढोलात पॉलिश करितांना कोणी 'थोडा रंग' सुचविला, तर नाही म्हणणे म्हणजे क्विंटलमागे पैसे सोडणे होय. (पीकपेऱ्यात हळदीखालचे क्षेत्र लिहिण्यास रकाना आहे, तिच्या रंगाचा रकाना मी आयुष्यभराच्या दप्तरात पाहिला नाही.) ढोलात शेवटी शिंपडावयाचे ते शुद्ध हळदीच्या पुडीचेच पाणी असावे, आणि ढोल भाड्याचा असल्यास त्यात काय टाकितात ते उभे राहून पाहावे. काळवंडलेला माल वेगळा काढून काळवंडलेला म्हणूनच विकावा. दर कमी येईल, तो येऊ द्यावा.

विकत आणलेले हळकुंड घरी पाहण्याची रीत सोपी आहे. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन ते त्यात सोडावे. शुद्ध असल्यास पाणी तसेच राहते. रंगविलेले असल्यास पिवळा रंग तत्काळ पाण्यात उतरतो. तसे आढळल्यास ते मुलांच्या दुधात वा वरणात न घालता बाजूस ठेवावे, व दुकानाच्या नावासह अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी.