धुऱ्यावरची आई, खुराड्यातली आई

श्रावणात नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं, की गोरेवाड्याचं रान मागे पडतं आणि पुढे कळमेश्वर तालुक्यातली काळी वावरं सुरू होतात. पऱ्हाटी, तिच्यात तुरीची तासं, सोयाबीन, पलीकडे संत्र्याच्या बागा. मोराचा नाच बघायचा तो याच्या आधी, मृगाच्या सुमारास. पावसाळा सरत येतो तशी मोराची पिसं गळू लागतात आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. पण या जातीचं खरं काम तेव्हाच सुरू असतं. धुऱ्यावरच्या बोराटीत, गवतात, लांडोर एकटी बसलेली असते. मोर तिकडे ढुंकूनही बघत नाही. घरटं, उबवणं, पिल्लं, कशातच त्याचा वाटा नसतो.

त्याच धुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, शेतकऱ्याच्या घरी, टोपल्यात दुसरी आई बसलेली असते. कोंबडी आणि लांडोर एकाच कुळातल्या. दोघींची पिल्लं अंड्यातून डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊन बाहेर पडतात आणि पहिल्याच दिवशी चालतात. इतकं सारखं असूनही दोघींची आईपणाची रीत फार वेगळी आहे.

आधी कोंबडीचं. कोंबडी खुडूक झाली हे सांगावं लागत नाही. ती टोपल्यातून उठत नाही, अंग फुलवते, हात पुढे केला की टोचते. पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते आणि त्या कातडीला अंड्यांचा स्पर्श होत राहिला, की मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन पाझरत राहतं. हे संप्रेरक तिला बसवून ठेवतं आणि तिचं अंडी घालणं बंद करतं. दिवसातून एकदा दाणापाण्याला उठायचं, अंडी पायाने-चोचीने फिरवायची, असे २१ दिवस. खाली १०-१२ अंडी सहज मावतात. शेवटच्या दिवसांत अंड्यातून चिवचिव ऐकू येते, तिला ती कुटकुट करून उत्तर देते. आवाजाची ओळख कवच फुटण्याआधीच झालेली असते.

कोंबडीला आपण उगाच मठ्ठ समजतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाने २०११मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला, तर बाजूला उभ्या असलेल्या आईच्या हृदयाचे ठोके वाढले, ती सावध झाली आणि पिल्लांना अधिक हाका मारू लागली. त्याआधी, १९९६मध्ये, क्रिस्टीन निकोल आणि स्टुअर्ट पोप या संशोधकांना आणखी मजेची गोष्ट दिसली होती. एका रंगाचं खाणं वाईट आहे हे कोंबडीला ठाऊक होतं. पिल्लं तेच टिपताहेत असं दिसताच तिने जमीन उकरणं आणि टोचणं वाढवलं. म्हणजे पिल्लांची चूक तिला कळते आणि ती शिकवायला जाते.

पण ही शाळा लवकर सुटते. पाच ते आठ आठवडे झाले, की तीच आई पिल्लांना टोचून हाकलते आणि पुन्हा अंड्यावर येते. पिल्लं पुष्कळ, त्यातली काही घारीला आणि मुंगसाला जाणार, उरतील ती उरतील, असा हा हिशेब आहे.

लांडोरीचा हिशेब उलटा. अंडी थोडी, बहुधा चार ते सहा, पण एकेक अंडं देशी कोंबडीच्या अंड्याच्या दुपटीहून जड. घरटं म्हणजे झुडपाखाली उकरलेला उथळ खड्डा, त्यात चार पानं-काड्या. मोराचा निळा रंग तिथे घात करील. लांडोरीची मातकट पाठ मात्र चार पावलांवरूनही दिसत नाही, आणि ती अगदी पायाशी माणूस येईपर्यंत उठत नाही. डवरणीच्या वेळी बैल बुजतो, तेव्हाच गड्याला कळतं की इथे काही आहे. ती २८ दिवस उबवते, म्हणजे कोंबडीपेक्षा आठवडाभर जास्त. हा जादा आठवडा वाया जात नाही. पिल्लू बाहेर येतं तेच पंखांत पिसांचे कोंब घेऊन, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत फडफडत फांदी गाठू लागतं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते भरवण्याचं. कोंबडी दाणा उचलून पुन्हा खाली टाकते, कुटकुट करते, पिल्लं खालून टिपतात. लांडोर किडा चोचीत धरून ठेवते आणि पिल्लू तो थेट तिच्या चोचीतून घेतं. त्यामुळे तिच्या पिल्लाची नजर जमिनीकडे कमी, आईच्या चोचीकडे जास्त असते. मोर पाळणारे लोक सांगतात, की यंत्रात उबवलेली पिल्लं खायला शिकायला फार वेळ लावतात, म्हणून सोबतीला कोंबडीचं एखादं पिल्लू सोडावं लागतं.

रात्रीची तऱ्हाही तशीच वेगळी. कोंबडीची पिल्लं तिच्या पोटाखाली, जमिनीवर. लांडोरीची पिल्लंही पहिले काही दिवस खालीच झोपतात. पण पंख पेलवू लागताच ती तिच्या मागे झाडावर चढतात आणि फांदीवर तिच्या दोन्ही पंखांखाली दडून रात्र काढतात. खाली कोल्हा फिरो की रानमांजर. पुढे कित्येक महिने हे कुटुंब फुटत नाही. कधी दोन-तीन लांडोरी आपापली पिल्लं घेऊन एकत्रही चरतात.

लांडोरीचं आईपण अंड्याच्याही आधी, मोर निवडण्यापासूनच सुरू होतं, असं मॅरियन पेट्री यांचं संशोधन सांगतं. इंग्लंडमधल्या व्हिप्सनेडच्या प्राणिउद्यानात त्यांना दिसलं, की ज्या मोरांच्या पिसाऱ्यातले डोळे मोठे, त्यांची पिल्लं अधिक वाढतात आणि अधिक जगतात. मोठ्या पिसाऱ्याच्या मोराशी जुळलेली लांडोर अंडीही जास्त घालते. याला विरोधही झाला. मारिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये सात वर्षं पाहून २००८मध्ये लिहिलं, की लांडोर पिसारा बघून निवड करते याला त्यांना आधार मिळाला नाही. वाद मिटलेला नाही. मोराचे अश्रू पिऊन लांडोरीला अंडी होतात, ही समजूत मात्र साफ खोटी आहे. इतर पक्ष्यांसारखंच त्यांचंही मीलन होतं.

कोंबडीच्या आईपणात माणसाने हात घातला, तो निवडीने. खुडूक कोंबडी दोन-अडीच महिने अंडं देत नाही, म्हणून धंद्याला ती परवडेना. खुडूक न होणाऱ्या कोंबड्यांचीच पैदास पिढ्यान्‌पिढ्या केली आणि वर्षाला ३००च्या आसपास अंडी देणारी व्हाइट लेगहॉर्न उभी राहिली, जिला उबवणं जवळजवळ ठाऊकच नाही. खेड्यांत वाटल्या जाणाऱ्या वनराजा या सुधारित जातीच्या कोंबडीलाही उबवायची ओढ फारशी नसते. म्हणून तिची अंडीही शेवटी देशी कोंबडीखालीच ठेवतात. आणि तीच देशी नको त्या वेळी खुडूक झाली, तर तिला पाण्यात बुचकळतात किंवा नाकपुडीत पीस घालतात. लांडोरीवर असली निवड कधी झाली नाही, म्हणून ती अजून जशीच्या तशी आहे.

दुसरीची अंडी देशी कोंबडीखाली ठेवायच्या या सवयीतूनच एक चुकीचा उद्योग सुचतो. डवरणीत किंवा निंदणात लांडोरीची अंडी सापडली, की कोणी ती उचलून घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवतो. कोंबडी जादा आठवडा बसतेही, कारण पोटाखाली अंडं लागतंय तोवर प्रोलॅक्टिन तिला उठू देत नाही. पिल्लं निघतातही. पण पुढे आई दाणा खाली टाकते आणि पिल्लू चोचीकडे बघत राहतं. पिल्लाला फांदी हवी, आई खुराड्यात शिरते. दीड-दोन महिन्यांत ती त्याला हाकलते, तेव्हा त्याचं आईवाचून चालत नसतं. शिवाय कोंबड्यांच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांतून पसरणारा ब्लॅकहेड नावाचा रोग कोंबडीला फारसा जाणवत नाही, मोराच्या पिल्लाचा मात्र जीव घेतो.

कायदाही स्पष्ट आहे. मोर १९६३पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अंडी उचलणं किंवा घरटं विस्कटणं यालाही हा कायदा शिकारच म्हणतो आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे.

तेव्हा डवरा मारताना लांडोर उठली, तर तेवढा गवताचा तुकडा सोडून बैल वळवा, कुत्रा बांधून ठेवा आणि तिथे गर्दी करू नका. माणूस लांब गेला की ती बहुधा परत येऊन बसते. ती आलीच नाही किंवा जखमी दिसली, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि घरच्या कोंबडीखाली कोंबडीचीच अंडी ठेवा.